कशानं पडलास?

आमची साइट कुपवाडच्या एका कारखान्यात जन्माला आली, असं सांगितलं की लोक हसतात. कुस्तीची वेबसाइट म्हणजे ती तालमीत, लाल मातीत, हलगीच्या आवाजात सुरू झाली असणार अशी त्यांची समजूत असते. तसं काही नाही. मी व्हॉल्व्ह बनवणाऱ्या एका कारखान्यात डिस्पॅचला होते. जेवणाच्या सुट्टीत एका हातात भाकरीचा तुकडा आणि दुसऱ्या हातात मोबाइल घेऊन, काल कुठल्या जत्रेत कुणी कुस्ती मारली ते शोधत बसायचे. ते कधीच सापडायचं नाही. मुंबईची नटी विमानतळावर कुठला गॉगल घालून उतरली ते सापडायचं. अमेरिकेतल्या रिंगमध्ये कुणी कुणाच्या डोक्यात खुर्ची घातली ते व्हिडिओसकट सापडायचं. आणि पलीकडच्या गावात एवढ्या मोठ्या गर्दीसमोर झालेल्या कुस्तीचा निकाल मात्र दोन दिवसांनी, पेपरच्या आतल्या पानावर, तोही अर्धवट. मला भयंकर राग यायचा. आणि मला राग आला की मी गप्प बसत नाही, एवढ्या एका गोष्टीवर माझ्या माहेरचं आणि सासरचं एकमत आहे.

"मग तूच काढ की," मामा म्हणाले.

हे माझे सख्खे मामा. फौजेतून हवालदार म्हणून रिटायर झालेले. त्याआधी सातारा-सांगलीच्या मैदानांत लढलेले, दोन्ही कान मोडलेले. मोबाइल कानाला लावला की तो मोडलेल्या कानावर नीट बसत नाही, म्हणून ते कायम स्पीकरवर बोलतात आणि त्यांचं सगळं खासगी बोलणं गल्लीला पाठ असतं. मामांनी मैदानांवर जायचं, मला फोनवर सांगायचं आणि मी लिहायचं, असं ठरलं. साइट कशी बांधायची ते मी फुकटचे व्हिडिओ बघून शिकले. पहिली साइट इतकी कुरूप होती की आज तिचा फोटो बघितला तरी हसू येतं. भडक केशरी रंग, त्यावर पिवळी अक्षरं. पण निकाल त्याच संध्याकाळी लागायचा, आणि पुण्या-मुंबईत नोकरीला गेलेली आमच्याकडची माणसं, सीमेवर ड्यूटीला असलेली पोरं तो वाचायची.

मग पावसाळा आला आणि आमची पंचाईत झाली. पावसाळ्यात मैदानं नसतात. पैलवान तालमीत घाम गाळतात आणि त्याची बातमी होत नाही. साइट चार महिने उपाशी राहिली असती. तेव्हा माझी साताऱ्याची मैत्रीण मदतीला आली. ती फोटो स्टुडिओ चालवते आणि सिनेमाचं तिला वेड आहे, म्हणजे खरोखरचं वेड. वाईकडं कुठलं शूटिंग चाललंय, कुठल्या मालिकेतला बंगला नक्की कुणाचा आहे, सगळं तिला तोंडपाठ. महाबळेश्वरचे टॅक्सीवाले तिचे बातमीदार. पावसात त्यांना धंदा नसतो, त्यामुळं बोलायला वेळच वेळ. अशा रीतीनं आमच्या कुस्तीच्या साइटवर सिनेमा आला, मालिका आल्या, जत्रेतले ऑर्केस्ट्रा आले, आणि परदेशी रिंगमधली ती ठरवून केलेली मारामारीही आली. त्या शेवटच्या गोष्टीवरून मामा माझ्याशी आठवडाभर बोलले नाहीत. "ती नाटकं हायत, नाटकं! त्येला कुस्ती म्हनू नगंस." आठव्या दिवशी फोन आला, आवाज जरा खाली. "त्ये काळी चड्डीवालं... जिकलं का पडलं गं शेवटी?"

साइट चालली ती मात्र एका प्रश्नामुळं.

मामांच्या तालमीत रिवाज होता. पैलवान कुस्ती हरून आला की वस्ताद त्याला शिव्या देत नसत की पाठ थोपटत नसत. समोर उभं करून एवढंच विचारत, "कशानं पडलास?" पडलेल्यानं त्या डावाचं नाव सांगायचं. बस्स. कारण नाही, रडगाणं नाही, पंचानं अन्याय केला नाही. मामांचं म्हणणं असं की जिंकणाऱ्याला कित्येकदा आपण काय केलं ते धड ठाऊक नसतं, तो नुसता नाचत असतो. पडणाऱ्याच्या पाठीला मात्र सगळं कळलेलं असतं. म्हणून मामांनी साइटला नेम घालून दिला. हरलेल्याला विचारल्याशिवाय निकाल लावायचा नाही. आणि प्रत्येक निकालाखाली हरलेल्याची एक ओळ द्यायची.

सुरुवातीला पैलवान माझा फोन कट करायचे. मी विचारायचे तरी कसं? "आपल्या पराभवाचं कारण काय सांगाल?" हे ऐकून मामा पोट धरून हसले. मोबाइल माझ्या हातातून घेतला, पुन्हा तोच नंबर लावला आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "कशानं पडलास?" पलीकडून ताबडतोब उत्तर आलं, "ढाक, वस्ताद." तो पोरगा मामांना ओळखतही नव्हता. पण तो प्रश्न लहानपणापासून त्याच्या अंगात मुरलेला. कानावर पडला की पैलवान ताठ उभा राहतो आणि खरं बोलतो. मी तो प्रश्न तसा विचारायला शिकले. घरी भांडी घासताना मोठ्यानं म्हणून बघायचे. नवरा म्हणाला, तू मला विचारतेस का काय?

बघता बघता ती एक ओळ साइटवरची सगळ्यात लाडकी गोष्ट झाली. लोक निकाल नंतर वाचायचे, आधी हरलेला काय म्हणाला ते. हरलेल्यांनाही बरं वाटायचं, त्यांना एरवी कोण विचारतं? पुढंपुढं मैदानावरून घरी जाताना ते स्वतःच फोन करू लागले. साताऱ्याच्या मैत्रिणीनं हाच प्रश्न न चाललेल्या सिनेमांना लावला. एका दिग्दर्शकानं तिला इतकं मनापासून उत्तर दिलं की ते वाचायला जेवढी गर्दी झाली तेवढी त्याच्या सिनेमाला झाली नव्हती.

एक गोष्ट मात्र मिळत नव्हती, आखाड्याच्या कडेची खुर्ची.

आमच्या बाजूचं सगळ्यात मोठं जत्रेचं मैदान मिरजेच्या अलीकडं भरतं. तिथं आखाड्याला लागून बातमीदारांच्या खुर्च्या असतात. काल मिसरूड फुटलेली, रील बनवणारी पोरंसुद्धा तिथं बसतात. मला नाही, कारण बाईनं आखाड्याजवळ यायचं नाही. गंमत म्हणजे त्याच मैदानात दुपारी मुलींच्या कुस्त्या होतात. म्हणजे लढायला बाई चालते, लिहायला चालत नाही. मामा जुने पैलवान म्हणून आत असायचे. मी स्टेजच्या समोरच्या अंगाला, गर्दीच्या मागं, बायकांसाठी लावलेल्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत. दर वर्षी मी कमिटीच्या अध्यक्षांकडं खुर्ची मागायचे. ऊसवाले, दणकट, तसे स्वभावानं चांगले. एका वर्षी ते म्हणाले, "ताई, औंदा जरा झटक्यात बातमी टाका, आमच्या मैदानाचं नाव हुंदे. म्होरल्या साली खुर्ची दिली समजा." मोठेपणा कशाला सांगू, मला ती खुर्ची हवी होती. अगदी लहान मुलाला पाळण्यातली पुढची जागा हवी असते तशी हवी होती.

त्या वर्षी शेवटच्या, एक नंबरच्या कुस्तीला एका बाजूला आमच्या भागाचा लाडका पैलवान होता. पोस्टरवर त्याचा फोटो माणसाएवढा. दुसऱ्या बाजूला फलटणकडचा एक पोरगा, पत्र्याच्या शेडमधल्या तालमीतला. त्याचा फोटो पासपोर्टएवढा. हा त्याचा पहिलाच एक नंबर. आमच्याकडं असं आहे, त्या मैदानात एक नंबरची कुस्ती मारली की पुढचा सगळा हंगाम तुम्हाला मोठ्या जोडीच्या कुस्त्या नेमून मिळतात. हरलात, की परत खालच्या ओळीत. पोरासाठी काय पणाला लागलं होतं ते मैदानातल्या प्रत्येक माणसाला माहीत होतं.

दिवस कलायला आला होता. बराच वेळ नुसती खडाखडी चालली. मग लाडक्यानं झेप घेऊन पोराचा ताबा घेतला, त्याला खाली दाबून पाठीवर बसला. गर्दी उठून उभी राहिली. तेवढ्यात खालच्या पोरानं त्याचा हात काखेत आवळला आणि बांगडी मारून गर्रकन लोळण घेतली. दोघं एकमेकांवरून फिरले. फिरून थांबले तेव्हा लाडका वर होता आणि पोरगा खाली. झालं! स्टेजकडची सगळी गर्दी आखाड्यात घुसली, लाडक्याला खांद्यावर घेतलं, गुलाल उडाला, हलगी कडाडली आणि निवेदकानं माइकवर त्याचं नाव पुकारलं.

माझ्याशेजारी ट्रॉलीत एक म्हातारी आजी होती, नऊवारीतली, दर वर्षी तिथंच बसणारी. ती कपाळावर हात मारून म्हणाली, "आगं, पयली पाठ त्येचीच लागली की!"

मलाही तेच दिसलं होतं. लोळण घेताना आधी लाडक्याचे दोन्ही खांदे मातीला टेकले होते, आमच्या अंगाला. कुस्ती तिथंच संपली होती. पुढं कोण वर आलं आणि कोण खाली गेलं याला काही अर्थ नव्हता. पण स्टेजच्या बाजूनं ते दिसणंच शक्य नव्हतं, त्यांना फक्त लाडक्याचे पाय आणि नंतरचा शेवट दिसला. मी मामांना फोन लावला. "मामा, काय दिसलं?"

"म्या न्हाई बघितलं, पोरी. म्होरं एकाचा फेटा हुता." मामा खोटं बोलत नाहीत, अडचणीच्या वेळीसुद्धा नाही. "नेम पाळ. इचारल्याबिगर लावू नगंस."

तोपर्यंत सगळीकडं लाडका जिंकला होता. ज्याच्या हातात मोबाइल होता त्यानं टाकलं होतं. आमचे वाचक साइटवर खाली लिहायला लागले, झोपलात काय? आणि अध्यक्षांचा फोन आला. "ताई, तुमचीच तेवढी न्हाई आली. टाका की! का खुर्ची नगं?"

खुर्ची हवी होती. मी फोन ठेवला आणि ट्रॉलीतून खाली उडी मारली.

पोरगा पाण्याच्या टाकीजवळ अंगावरची माती धूत होता. एकटाच. मी विचारलं, "कशानं पडलास?" तो वळला. डोळे लाल झाले होते, मातीनं असेल, नसेलही. म्हणाला, "पडलो न्हाई, ताई. पर आता कोन ऐकतंय?" इतक्या हरलेल्यांना मी हा प्रश्न विचारला, त्यात 'पडलो नाही' असं म्हणणारा हा पहिलाच. मला दिसलं होतं, आजीला दिसलं होतं, पण ट्रॉलीतल्या दोन बायका आणि हरलेला पोरगा यांच्या शब्दाला एवढ्या गर्दीपुढं कोण विचारतो? आणि मी लिहिलं असतं तर म्हणाले असते, खुर्ची दिली नाही म्हणून बाई खुन्नस काढते.

मग मनात आलं, नेम काय सांगतो? हरलेल्याला विचारायचं. बरं, हरलेला कोण?

मी चपला काढल्या आणि आखाड्यात शिरले. लाल मातीवर पाय ठेवायची ती माझी पहिली वेळ. माती तेलाताकात मळलेली, मऊ, गार. गर्दी रेटत मी लाडक्याच्या खाली जाऊन उभी राहिले. तो वर खांद्यांवर, डोक्याला फेटा, तोंडभर गुलाल. मी मान वर केली आणि भांडी घासताना तयार केलेल्या आवाजात ओरडले, "पैलवान! कशानं पडलास?"

आजूबाजूचे हसायला लागले. "ताई, ह्यो जिकलाय! पडल्यालं त्ये तिकडं हाय, टाकीपाशी!"

मी त्यांच्याकडं बघितलंच नाही. "पैलवान, तुला इचारत्येय. कशानं पडलास?"

त्यानं खाली बघितलं. हसू हळूहळू उतरलं. त्याच्या जागी मी असते तर काय केलं असतं, मला सांगता येत नाही. खांद्यावर घेतलेल्या माणसाला खाली उतरायला काय लागतं ते ज्याचं त्याला ठाऊक. आजूबाजूला हलगी चालूच होती. तो म्हणाला, "बांगडीनं."

"काय?" खालचा माणूस म्हणाला.

"बांगडी मारली त्येनं. माजी पाठ लागली पयली." आणि मग जोरात, "खाली घ्या मला!"

हलगी थांबली. तो उतरला, गर्दीतून चालत पाण्याच्या टाकीकडं गेला, डोक्यावरचा फेटा काढला आणि त्या पोराच्या ओल्या डोक्यावर ठेवला. मग त्याचा हात धरून स्वतःच वर केला. पोरगा ओठ घट्ट मिटून उभा होता, कारण उघडले असते तर रडला असता. एका वयस्क पंचांना कुणीतरी हटकलं, तुम्ही काय करत होता? ते तर चिडलेलेच होते. "म्या हात वर केलाच न्हवता! गडबडीत मला कुनी इचारलं का? समदी आत!" तेव्हा कुठं निवेदकानं घसा साफ केला आणि फलटणकडच्या पोराचं नाव पुकारलं. काय शिट्ट्या पडल्या! आपला माणूस हरल्यावर आमचं मैदान इतकं खूश झालेलं मी आधी बघितलं नव्हतं. दोघांनाही खांद्यावर घेतलं. कुणाला जास्त उचलावं तेच लोकांना कळेना.

मी ट्रॉलीत परत चढले, मातीच्या पायांनी बसले आणि बातमी लिहिली. निकाल आणि त्याखाली हरलेल्याची ओळ. बाकी सगळे आपापल्या पोस्टी पुसण्यात गुंतले होते. त्या संध्याकाळी खरा निकाल फक्त आमच्याकडं होता, आणि वाचणाऱ्यांची अशी झुंबड उडाली की साइट बंद पडली. मी रडकुंडीला येऊन मामांना सांगितलं. ते स्पीकरवर, सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असं म्हणाले, "साइट पडली व्हय? कशानं पडली?"

साइट तासाभरात उठली आणि त्यानंतर तिनं मागं वळून बघितलं नाही. कुपवाडची नोकरी मी आनंदानं सोडली. आता सांगलीत आमची एक खोली आहे, साताऱ्यात मैत्रिणीच्या स्टुडिओच्या माडीवर दुसरी. भडक केशरी रंग गेला, नेम तोच राहिला. लाडका त्या कुस्तीनंतर कमी लाडका झाला असेल असं कुणाला वाटत असेल तर त्यांनी आमच्या साइटवर येऊन त्याच्या नावाखाली लोक काय लिहितात ते वाचावं.

पुढच्या वर्षी जत्रेच्या आधी अध्यक्ष स्वतः सांगलीला आले. चहा घेतला, पान मागितलं, मग म्हणाले, "खुर्ची मांडलीय. पयल्या ओळीत. वर टॉवेलबी टाकलाय."

मी म्हणाले, "आवं अध्यक्ष, खुर्ची नको. ट्रॉली पुढं घ्या."

"ट्रॉली? आखाड्यापाशी? आन् त्यातल्या बाया?"

"त्यातल्या बायांसकट."

त्यांनी पान चघळलं. गेल्या वर्षी खरं कुठून दिसलं होतं हे त्यांनाही माहीत होतं. शेवटी म्हणाले, "तुमी लय वंगाळ बाई हायसा," आणि हसले.

जत्रेच्या दिवशी ट्रॅक्टर उलटा घेत घेत आखाड्याच्या कडेपर्यंत आणला. माणसं बाजूला होत होती, बायका ट्रॉलीत उभ्या राहून ड्रायव्हरला सांगत होत्या, अजून मागं, अजून मागं. मामा खुर्ची सोडून आमच्यात येऊन बसले, तर बायकांनी त्यांना कोपऱ्यात सरकवलं. एक नंबरला पुन्हा तीच जोड होती. या खेपेला लाडका सावध होता, त्यानं कुठंही हात आवळू दिला नाही. त्याचा घिस्सा डाव बसला, फलटणकडचा पोरगा सरळ चीत झाला, आणि ते सगळ्या मैदानानं बघितलं.

तो उठला, लाडक्याला मिठी मारली आणि पाठीची माती न झटकता तडक आमच्या ट्रॉलीकडं आला. मी मोबाइल घेऊन पुढं वाकले. पण मी तोंड उघडायच्या आत शेजारच्या आजीनं फळीवरून खाली डोकावून, मामांच्या वस्तादाला शोभेल अशा आवाजात विचारलं, "कशानं पडलास रं, लेका?"

पोरगा ताठ उभा राहिला. मग हसला. "घिस्सा, आजी."

आजीनं मान हलवली आणि माझ्याकडं वळून म्हणाली, "लिव्ह."